तीन सिलिंडरची शकुंतला

मराठी घराला तीन सिलिंडरची ओळख झाली ती मारुती आठशेमुळे. ७९६ सीसीचं एवढंसं इंजिन, पण आई-वडील, दोन मुलं, आजी आणि आजीचा डबा असं सगळं घेऊन ते खंडाळ्याचा घाट चढायचं. दुचाकीचे सिलिंडर मात्र आपण कधी मोजत बसलो नाही. राजदूतला एक, बुलेटला एक. येझदीला सायलेन्सर दोन, म्हणून सिलिंडरही दोनच असणार असा डोंबिवलीत निम्म्या लोकांचा समज होता, आणि मालकमंडळी तो दूर करण्याच्या भानगडीत पडत नसत. आरडी ३५० ला खरोखरच दोन होते, पण ती उडवणाऱ्या मुलाला अख्ख्या सोसायटीत कोणी मुलगी द्यायला तयार नसे.

या परंपरेत माझी मोटारसायकल बसते. तिला तीन सिलिंडर. ताकद मारुती आठशेच्या दुपटीहून जास्त, वजन तिच्या एक तृतीयांशाहून कमी आणि मागची सीट अर्ध्या माणसाची. खोड एकच. अडीच हजार ते साडेतीन हजार आरपीएमच्या मधे गाडी झोपते. थ्रॉटल पिळला की ती आधी विचारात पडते, मग एक झटका देते आणि त्यानंतर ऐकायला येतं. चार हजारांच्या वर तिच्यासारखी गुणी गाडी नाही. अडचण अशी की ठाणे जिल्ह्यात आयुष्य जातं ते अडीच आणि साडेतीन हजारांच्या मधेच.

हे सिद्ध झालं टिटवाळ्याच्या वाटेवर, तेही संकष्टीला. मावसभावाचं लग्न जमत नव्हतं. टिटवाळ्याचा महागणपती म्हणजे विवाहविनायक, त्यामुळे मावशीने तारीख ठरवली आणि वाहन म्हणून मला नेमलं. मावसभाऊ त्या अर्ध्या सीटवर बसला. खारेगाव, माणकोली, राजनोली नाक्यापर्यंत गाडी पाच हजारांवर गात होती. "दादा, भारी आहे रे!" असं तो दोनदा ओरडला. राजनोलीला कल्याणकडे वळलो, कोनगाव आलं आणि स्तुती थांबली.

कोन ते दुर्गाडी पूल हे अंतर फार नाही, पण तिथे वाहतूक चालत नाही, सरपटते. दुसरा गियर, पंचवीस-तीसचा वेग, म्हणजे बरोबर झोपेची वेळ. पिळलं की काही नाही, मग एकदम झटका, मग ब्रेक. दर झटक्याला मावसभावाचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटे. शेजारचा एका सिलिंडरचा रिक्षावाला बाहेर डोकावून म्हणाला, "काका, लायसन नवीन आहे का?" आणि आम्हाला मागे टाकून खाडीच्या पुलावर चढला.

खरं तर तीन सिलिंडरचं इंजिन गुळगुळीत चालण्याबद्दल नावाजलेलं आहे. चार स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे तिघांत मिळून दर २४० अंशांना एक स्फोट. तीन हजार आरपीएमला सेकंदाला ७५. इतक्या वेळा ढकलूनही गाडी हलत नाही म्हणजे ढकलण्यात दम नाही. त्याचं कारण असं की व्हॉल्व्ह किती वेळ उघडे राहायचे आणि हवेची वाट किती रुंद ठेवायची, हे सगळं दहा हजार आरपीएम डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेलं असतं. कमी वेगात त्या रुंद वाटेतून हवा रेंगाळत येते, आणि इनटेक-एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात तेव्हा जळालेला वायू उलटा आत शिरतो. त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालावा म्हणून गाडीचा कॉम्प्युटर एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असा काटेकोर हिशेब ठेवतो. आपण अचानक थ्रॉटल पिळला की इंजिनाला क्षणभर जास्त पेट्रोल लागतं, आणि ते द्यायला कॉम्प्युटरचा हात आखडता. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. त्याच्यात ऑक्सिजन आधीच असतो, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. दुखणं तसं जुनं आहे. १९६९ साली कावासाकीने पाचशे सीसीची दोन स्ट्रोकची तीन सिलिंडरवाली काढली, तिचीही ख्याती अशीच होती: खाली काही नाही, वर एकदम सगळं.

हे सगळं मी लाल चौकीच्या सिग्नलला मावसभावाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "दादा, लग्नाच्या मुलीसमोर हे बोलू नकोस."

शहाडचा पूल, म्हारळ, वरप, कांबा. रायत्याला उल्हास नदी ओलांडली आणि गोवेली नाक्यावर चहाला थांबलो. शेजारीच एका मेस्त्रींचं गॅरेज. समोर सगळ्या स्प्लेंडर, त्यातल्या दोन दुधाच्या कॅनच्या. मेस्त्रींनी गाडीभोवती फेरी मारली, थ्रॉटल दोनदा पिळून बघितला आणि विचारलं, "खालून झोपते ना?" मी कन्व्हर्टर आणि इथेनॉलला सुरुवात केली. त्यांनी हात पुसले.

"साहेब, तिन्ही थ्रॉटल बॉडी गेज लावून सारख्या करून घ्या. एक जास्त ओढतो, दुसरा कमी, म्हणून झटका. रबरी पायपाला चीर आहे का तेही बघा. आणि पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करा."

"दात?"

"दूधवाल्यांना आम्ही तेच करतो. चौदाचं काढून तेराचं टाकतो. चार कॅन घेऊन गाडी उठते."

मावसभावाने हातातल्या दूर्वांच्या जुडीकडे पाहिलं. "दादा, आपण चाललोय कुणाच्या दर्शनाला? आणि सल्ला काय, तर एक दात कमी करा!" मेस्त्रींना यात काही विनोदी वाटलं नाही. त्यांनी चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

टिटवाळ्यात गाडी लांब लावावी लागली. तळ्याच्या कडेने रांग. रांगेत एक आजी सुनेला कथा सांगत होत्या. काळू नदीच्या काठी कण्वांचा आश्रम, शकुंतला दुष्यंताच्या विचारात हरवलेली, दारात दुर्वास उभे, आणि तिचं लक्षच नाही. मग शाप. मग कण्वांनी सांगितलं, गणपतीची आराधना कर. ऐकता ऐकता मला गाडीबद्दल प्रथमच माया वाटली. थ्रॉटल पिळणारा दुर्वास दारात तिष्ठत असतो, कारण ही वरच्या दहा हजारांच्या विचारात बुडालेली असते. फरक इतकाच की शाप मला मिळतो, तोही मागच्या सीटवरून.

परतल्यावर ठाण्यात गेज लावून घेतलं. एक थ्रॉटल बॉडी खरंच वेगळ्या सुरात होती. ती जुळवली आणि झटका गेला. सोळा दातांचं स्प्रॉकेट काढून पंधराचं बसवलं. गणित सोपं आहे: त्याच वेगाला आधी तीन हजार आरपीएम होते, आता ३२००. दोनशेचाच फरक, पण तेवढ्यात डुलकी बरीचशी मागे पडते, आणि उरलेल्या वेळी एक गियर खाली घ्यायचा. महागडा सायलेन्सर लावा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नये. आवाज वाढतो, झोप तशीच राहते. नुकसान एवढंच झालं की माझ्या गाडीत वेगाचा सेन्सर गियरबॉक्सला असल्याने मीटर आता थोडा जास्त वेग दाखवतो. मावसभाऊ त्यावर खूश आहे.

लग्न अजून जमायचं आहे, आणि पुढची संकष्टी मंगळवारी येते आहे. अंगारकीला मात्र माझं ऐका आणि कल्याणहून लोकल धरा. मधे शहाड आणि आंबिवली एवढी दोनच स्टेशनं लागतात, आणि विजेच्या मोटरला जागेवरून सुटतानाच पूर्ण जोर असतो.