चखणाकाका

प्लेनोच्या मराठी मंडळींत त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. चखणाकाका म्हटलं की पुरे. वायटूकेच्या लाटेत आले, पोरं कॉलेजात पोचवली, आणि आता शुक्रवारी संध्याकाळी बसतील त्या टेबलावरचा मेनू नापास करतात.

फ्रिटो-लेचं मुख्यालय प्लेनोतच, लेगसी ड्राइव्हवर. तिथून गाडी गेली की काकांचा सुस्कारा ठरलेला. "जगाला वेफर्स चारतात, पण त्या पिवळ्या नळ्या काही ह्यांना सुचल्या नाहीत. दहा बोटांत दहा अडकवायच्या आणि एकेक कुरतडायची!" कुरकुरे ह्याच कंपनीने १९९९ साली भारतात आणलं, असं कुणी म्हणालंच तर उत्तर तयार. "तोवर माझं बालपण संपलं होतं. पुढचा सगळा माल म्हणजे पाकिटातली हवा."

मग रावळगावच्या गोळ्या निघतात, तिखटमीठ लावलेली कैरी निघते, फँटमच्या गोड सिगारेटी निघतात. "ओठांत धरून गल्लीभर फिरायचो. बिघडलो का?" हे विचारताना त्यांचा एक हात खिशातला लायटर चाचपत असतो.

काकांचा दुसरा विषय म्हणजे बारमधली पोरं. लेगसी हॉलच्या अंगणात बाबागाडी दिसली की त्यांचा ग्लास टेबलावर आपटलाच म्हणून समजा. "ही काय बालवाडी आहे? आपल्याकडे बघा. बियरला २१ पूर्ण लागतात, कडक दारूला २५. वर सरकारी परवाना! आणि हे टेक्सास! इथं आईबापाच्या डोळ्यांसमोर असेल तर २१च्या आतल्या पोरानंही प्यायला कायद्याची हरकत नाही. बारवाल्याने नाही म्हटलं तरच नाही."

कायदा ते बरोबर सांगतात. फक्त स्वतःची हकिकत गाळतात. ती काकूंनी एकदा फोडली.

"ह्यांना चणाडाळ आवडायला कुठे लागली, विचारा की."

सोलापुरात ह्यांचे वडील दर पगाराला परमिट रूममध्ये जायचे. घरी संशय नको म्हणून लेकाला बरोबर न्यायचे. फॅमिली रूमचा पडदा ओढला की वडिलांसमोर क्वार्टर आणि लेकासमोर गोल्ड स्पॉट. मधे कांदा-लिंबू मारलेली चणाडाळ, खारे शेंगदाणे, मसाला पापड. वडिलांचा पहिला पेग संपेस्तोवर डाळीची बशी साफ! घरी जाताना ठरलेलं वाक्य पाठ करून घ्यायचे, "देवळात गेलो होतो." आई हात हुंगून म्हणायची, "देवळात प्रसादाला कांदा?"

सगळं टेबल हसलं. काका तेवढे गंभीर. "तेव्हाची गोष्ट वेगळी. आम्हाला शिस्त होती."

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचं चारेक वर्षांचं पोर आलं आणि काकांच्या शेंगदाण्यांत हात घालून उभं राहिलं. काकांनी बशी सर्रकन स्वतःकडे ओढली. "हे मोठ्यांचं आहे!" पोराने भोकाड पसरलं. त्याची आई माफी मागत धावली. काकूंनी डोळे वटारले. नाइलाजाने काकांनी दाणे मोजून पाच दिले. पोर तिथेच खुर्चीवर चढून चवीचवीने एकेक खाऊ लागलं.

काका बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "नियम करायचाच असेल तर वयाचा नको. गप्प बसून चखणा खाणारं पोर असलं तर येऊ द्यावं. मात्र त्याने आपली बशी वेगळी मागवावी."