फुलफॉर्म विचारू नये

लघुरूप दिसलं की त्याचा फुलफॉर्म विचारायचा, हा आपल्याकडे संस्कारांचा भाग आहे. शाळेत पीटीचा विचारतात, स्पर्धा परीक्षेत इस्रोचा, आणि साठी उलटली की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टातल्या टीएसएचचा. ज्याला येत नाही तो जागच्या जागी तयार करतो. एटीएम म्हणजे 'एनी टाइम मनी' असं छातीठोकपणे सांगणारी माणसं अजून बँकेच्या रांगेत भेटतात, आणि मशिनमध्ये खडखडाट असला तरी त्यांच्या आवाजातला ठामपणा तसूभर कमी होत नाही.

अशा संस्कारांत वाढलेला माणूस चीनमध्ये गेला की त्याचे फार हाल होतात. मी चिनी भाषेची दुभाषी आहे. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांबरोबर ग्वांगजौला जावं लागतं, त्यामुळे हे हाल मला जवळून बघायला मिळतात. माझ्या गिऱ्हाइकांपैकी इचलकरंजीचे एक कापडवाले अण्णा आहेत. हिशेबाला पक्के, बोलायला मोकळे, आणि फुलफॉर्म कळल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही या मताचे. ग्वांगजौचं जे मोठं व्यापारी प्रदर्शन आपले लोक 'कँटन फेअर' म्हणून ओळखतात ते 1957 पासून दर वसंतात आणि शरदात भरतं. चिनी लोक त्याला 'ग्वांगज्याओहुइ' म्हणतात. अण्णांनी दारातच थांबून विचारलं, "मॅडम, ह्येचा फुलफॉर्म काय वो?"

अधिकृत नाव दहा अक्षरांचं. अर्थ साधारण असा: चीन आयात-निर्यात माल व्यापार मेळा. लघुरूप तीन अक्षरांचं. त्यातलं 'ज्याओ' व्यापारातून आलं, 'हुइ' मेळ्यातून आलं, आणि 'ग्वांग' आलं ग्वांगजौ या गावाच्या नावातून. अडचण एवढीच की त्या दहा अक्षरांत ग्वांगजौ कुठेच नाही. जे फुलफॉर्ममध्ये नाही ते शॉर्टफॉर्ममध्ये आहे! ताग्यावरच्या चिठ्ठीपेक्षा आत कापड जास्त भरावं, तसा हा प्रकार. अण्णांनी बोटांवर अक्षरं मोजली, पुन्हा मोजली, आणि हे लोक आपल्याला महागात पडणार अशा चेहऱ्यानं आत शिरले.

खरं तर यामागे एक रीत आहे. चिनीत एकेक अक्षर म्हणजे अर्थ असलेला आख्खा तुकडा असतो, त्यामुळे लांबलचक नावातून दोन-तीन भरीव अक्षरं उचलली की काम भागतं. त्यातही दोन मिळाली तर उत्तम, कारण चिनी कानाला जोडी आवडते. बँकांचंच बघा. 'जोंगग्वो गोंगशांग यिनहांग' म्हणजे चीनची उद्योग-व्यापार बँक, तिचं झालं 'गोंगहांग'. कृषी बँक 'नोंगहांग', बांधकाम बँक 'ज्येनहांग'. 'जोंगग्वो' म्हणजे चीन, तो सगळ्यांच्याच नावात आहे, तेव्हा तो गाळला. फक्त 1912 सालच्या बँक ऑफ चायनाला तो गाळता येईना, कारण तिच्या नावात देश आणि बँक सोडून तिसरं काही नाहीच. ती 'जोंगहांग' झाली. जे सगळ्यांकडे आहे ते टाका, जे एकट्याकडे आहे ते ठेवा. किती शहाणा नियम!

विद्यापीठांच्या फाटकाशी पोचेपर्यंत तो टिकतो. तिथे त्याची पार वाट लागते.

विद्यापीठाला चिनीत 'दाश्युए' म्हणतात आणि लघुरूपात त्याचा नुसता 'दा' उरतो. पेकिंग विद्यापीठ ते 'बेइदा'. इथवर ठीक. आता उत्तर चीनमध्ये थायहांग नावाचा पर्वत आहे. त्याच्या पूर्वेचा प्रांत शानदोंग, पश्चिमेचा शानशी. 'शान' म्हणजे डोंगर, 'दोंग' पूर्व, 'शी' पश्चिम. शानदोंग विद्यापीठ जीनान शहरात 1901 साली निघालं, शानशी विद्यापीठ थाय्युआनला 1902 साली. दोघांची लघुरूपं करायची वेळ आली तेव्हा डोंगर दोघांचा सामाईक होता आणि दिशा ज्याची त्याची होती. बँकेतल्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं डोंगर टाकून दिशा ठेवली असती. विद्यापीठांनी दिशा टाकली आणि डोंगर ठेवला. दोन्ही झाली 'शानदा'. पीत नदीच्या दक्षिणेचा हेनान आणि उत्तरेचा हेबेई, तिथेही तेच: नदी ठेवली, दिशा वाहून गेली, दोन्हीकडे 'हेदा'. दोंगथिंग सरोवराच्या अल्याडपल्याडचे हूनान आणि हूबेई यांची 'हुदा'. एवढ्या विद्वान मंडळींना हे सुचलं नसेल असं वाटत नाही. सुचलं असणार, पण लघुरूपात दिशा ठेवली की बाकीचा अर्धा डोंगर दुसऱ्याला दिल्यासारखं होतं.

गावात या कशाचाही त्रास होत नाही. जीनानच्या बसमध्ये 'शानदा' म्हटलं की कंडक्टरला पूर्व-पश्चिम सांगावं लागत नाही. पेच पडतो तो बीजिंगला, एकाच टेबलावर दोन्हीकडचे माजी विद्यार्थी जेवायला बसले की. एक म्हणतो आम्ही एक वर्षानं थोरले, दुसरा मान हलवतो, आणि तोवर सूप गार होतं. शिक्षकांची विद्यापीठं शांघाय, वूहान आणि ग्वांगजौ अशा तीन ठिकाणी 'हुआशर' या दोन अक्षरांवर बसलेली आहेत. विद्यापीठांच्या सनदांत लघुरूपासाठी चक्क कलम असतं, आणि नानजिंग-नानचांग यांची 'नानदा'वरून या कलमातच जुंपली होती. आपल्याकडे विद्यापीठांच्या नामविस्तारासाठी आंदोलनं झाली. तिकडे नावाच्या आकुंचनावरून रुसवेफुगवे होतात.

पण या सगळ्यांवर ताण आहे ती 'रनदा'. हे प्रकरण जरा सावकाश घ्यावं लागेल. चीनची जी संसद, तिचं पूर्ण नाव 'छ्वानग्वो रनमिन दाइब्याओ दाहुइ', म्हणजे अखिल देशाच्या जनतेच्या प्रतिनिधींची महासभा. यातून जनतेचा 'रन' आणि महासभेचा 'दा' घेतला की 'रनदा'. बीजिंगच्या वायव्य भागात एक नामवंत जनता विद्यापीठ आहे, 'जोंगग्वो रनमिन दाश्युए'. त्यातून जनतेचा 'रन', विद्यापीठाचा 'दा', आणि पुन्हा 'रनदा'. नुसता उच्चार सारखा असता तर लिहून फरक दाखवता आला असता. इथे अक्षरंही तीच, सूरही तोच. "तो रनदामध्ये आहे" एवढंच कुणी सांगितलं तर त्या मुलाला उठून नमस्कार करायचा की खाऊला पैसे द्यायचे, हे ठरवता येत नाही.

तरी बीजिंगमध्ये आजवर कुणी गोंधळलेलं मी पाहिलं नाही. "रनदातून पास झाला" म्हटलं की विद्यापीठ. महासभेत पास होतात ते ठराव, आणि त्यातला एखादा नापास झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही. "रनदाच्या मेसमधलं जेवण" म्हटलं की विद्यापीठ. मार्च महिन्यात टीव्हीवर "रनदा सुरू झाली" म्हटलं की महासभा, कारण तेव्हा देशभरातून सुमारे तीन हजार प्रतिनिधी तिएनआनमन चौकाशेजारच्या सभागृहात जमतात. पाठीला सॅक लावून टॅक्सीत बसा आणि "रनदा" म्हणा, टॅक्सीवाला मागे वळूनसुद्धा बघत नाही. प्रतिनिधी टॅक्सीनं जात नाहीत, त्यांच्या बसगाड्या ओळीनं जातात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आता विद्यापीठातला एखादा कायद्याचा प्राध्यापक महासभेवर गेला, असे गेलेलेही आहेत, तर "रनदाचा माणूस रनदात गेला" असं वाक्य तयार होतं. चिनी श्रोता त्यावर फक्त मान डोलावतो. माझ्यासारखीला मात्र त्याचं मराठी करायला दोन ओळी आणि एक घोट पाणी लागतं.

सिनेमावाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. चित्रपटाला चिनीत 'द्येनयिंग' म्हणतात, शब्दशः विजेची सावली. बीजिंगमध्ये चित्रपटाचा स्टुडिओ होता, त्यानं लघुरूपात सावली घेतली आणि तो 'बेइयिंग' झाला. दिग्दर्शक झांग यिमोउ ज्या 1978 च्या तुकडीत शिकले त्या फिल्म अकादमीच्या वाट्याला मग वीज आली: 'बेइद्येन', उत्तरेची वीज. ऐकणाऱ्याला वाटावं, इथे नट-नट्या तयार होतात की लोडशेडिंगची वेळापत्रकं. त्यातून कॅनडाच्या नॉर्टेल या टेलिफोन यंत्रणेच्या कंपनीनंही चीनमध्ये 'बेइद्येन' हेच नाव घेतलं होतं. 2009 साली नॉर्टेलनं दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा 'बेइद्येन बुडाली' हे शब्द सिनेमाच्या पानावर आले असते तर कितीतरी नायिकांच्या आयांनी हंबरडा फोडला असता. ते अर्थकारणाच्या पानावरचे शब्द होते, म्हणून सगळ्या शांतपणे चहा पीत राहिल्या.

आपल्या या सवयीची चेष्टा चिनी लोक स्वतःही करतात. त्यांच्याकडे एक जुना विनोद आहे. शांघायच्या क्रेन कारखान्याचं, 'शांगहाय द्याओछ छांग'चं, लघुरूप केलं तर होतं 'शांगद्याओ', आणि त्याचा सरळ अर्थ गळफास घेणं. "हल्ली कुठे असता?" "मी? गळफास!" त्याच चालीवर खायफंगच्या सुऱ्यांच्या कारखान्यातला माणूस म्हणतो "ऑपरेशन", आणि झ्गोंगच्या कीटकनाशकाच्या कारखान्यातला म्हणतो "आत्महत्या". हे कारखाने विनोदातले आहेत, पत्ता मागू नका. पण विनोदातून एक गोष्ट कळते: कुठे लघुरूप करायचं नाही, हेही त्यांना बरोबर समजतं.

अण्णांना हे सगळं मी प्रदर्शनातून परत येताना मेट्रोत सांगून पाहिलं. ते ऐकत होते की झोपले होते, कळलं नाही. त्यांना स्वतःला चिनी शब्द एकच येतो, तो म्हणजे 'जोंगदा'. ग्वांगजौमध्ये जोंगदा नावाचा कापडाचा प्रचंड घाऊक बाजार आहे. गाळ्यांमागे गाळे, नमुन्यांच्या वह्यांच्या चळती, ताग्यांनी लादलेल्या हातगाड्या आणि त्यांना वाट देता देता भिंतीला चिकटलेली गिऱ्हाइकं. अण्णांचा जीव त्या बाजारात रमतो. हा बाजार सुन यत-सेन यांनी 1924 साली स्थापन केलेल्या आणि पुढे त्यांचंच नाव मिळालेल्या विद्यापीठाच्या शेजारी आहे, चिनीत त्या विद्यापीठाचं नाव 'जोंगशान दाश्युए', आणि 'जोंगदा' हे मुळात त्याचं लघुरूप, बाजारानं ते शेजारधर्मानं उचललं. यातलं काही अण्णांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

त्या रात्री एका कापड व्यापाऱ्यानं जेवायला बोलावलं होतं. घरच्या गप्पा निघाल्या. यजमान अभिमानानं म्हणाले, "माझी मुलगी जोंगदामध्ये आहे." मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी आपला एकुलता एक शब्द ओळखला आणि ताटावरून मान वर केली.

"व्वा! कितवा गाळा वो तिचा?"

मी म्हटलं, "अण्णा, मुलगी कॉलेजात शिकते."

तेवढ्यात यजमानांनी पुढचं सांगितलं, की तिची फार आठवण येते, पण हाँगकाँग तसं जवळ आहे, गाडीनं तासाभराचा रस्ता. म्हणजे ही जोंगदा ग्वांगजौचीही नव्हती. हाँगकाँगचं 'जोंगवन दाश्युए' म्हणजे चिनी विद्यापीठ, 1963 चं, तेही जोंगदाच. मी तसं सांगितलं. अण्णांनी फक्त 'हाँगकाँग' आणि 'जोंगदा' एवढंच पकडलं.

"हाँगकाँगातबी मार्केट काढलंय? तिकडं रेट काय हाय?"

तैवानमध्ये 'जोंगयांग दाश्युए' आहे आणि त्यालाही जोंगदाच म्हणतात, हे सांगायचं मी टाळलं. अण्णांनी तिकडचंही तिकीट काढलं असतं.

हॉटेलवर परतताना अण्णा कुरकुरले. "एका नावाची तीन ठिकाणं. असल्या घोळात ही माणसं धंदा कसा करतात, देव जाणे." मी विचारलं, "अण्णा, पुण्यात मनपाच्या बसस्टॉपवर उतरायचं म्हणजे कुठली मनपा?" "पुण्याची." "आणि इचलकरंजीत कुणी मनपाची पाणीपट्टी भरायला निघाला तर?" "आमची की. 2022 पासनं आमचीबी मनपा हाय." "मुंबईत एखादा म्हणाला, मी जेजेला असतो, तर?" अण्णांनी थोडा विचार केला. "पेशंट असला तर दवाखाना. दाढी वाढवल्याली असली तर चित्रकार." मग स्वतःच म्हणाले, "पण त्ये आपल्याला कळतंय की!"

कळतंय, कारण मनपाचा फुलफॉर्म आपण कुणाला विचारत नाही. बोलणारा कोण, उभा कुठे, कामाला निघालाय की शिकायला, एवढं बघतो. चीनमध्येही तेवढंच बघावं. समोरच्यानं 'शानदा' म्हटलं तर त्याला आधी गाव विचारा, 'रनदा' म्हटलं तर कॅलेंडर बघा, आणि 'जोंगदा' म्हटलं तर तो कुठल्या शहरात उभा राहून बोलतोय ते बघा.

ग्वांगजौपुरतं तर तेही बघायची गरज नाही. मेट्रोच्या आठ नंबरच्या लाइनवर जोंगदा नावाचं स्टेशन आहे. पदवी घ्यायची असली तरी तिथेच उतरतात आणि पॉपलिन घ्यायचं असलं तरी तिथेच.