पंचाक्षरी

पूर्वी अंगातलं भूत उतरवायला पंचाक्षरी बोलवत. हल्लीच्या पंचाक्षरीच्या स्वतःच्याच अंगात येतं आणि तेही रात्री बाराच्या ठोक्याला, कारण वर्डलचा नवा इंग्रजी शब्द तेव्हा उघडतो. शब्द पाच अक्षरांचा, प्रयत्न सहा. अक्षर जागेवर बसलं तर चौकोन हिरवा, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळा, नाहीच तर करडा. एवढ्याशा भांडवलावर हा निवृत्त गृहस्थ साठीनंतरचा संसार थाटतो.

ओळख पटवायची असेल तर त्याच्याबरोबर मंडईत जावं. भाजीवाली विचारते, "काका, कांदा किती देऊ?" काका कांद्याकडे बघत म्हणतात, "ओनियन. पाच अक्षरी आहे, पण ओ दोनदा, एन दोनदा. पहिल्या फटक्याला कुचकामी."

"अर्धा का एक किलो?"

"लेमन मात्र नंबरी! पाचही अक्षरं वेगळी."

ती बिचारी लिंबं तोलते. घरी काकू पिशवी उपडी करतात आणि त्या दिवशी पोहे कांद्याशिवाय होतात, लिंबू मात्र सढळ हातानं.

या जमातीत पहिल्या शब्दावरून पंथ पडलेले आहेत. 'अड्यू'वाले एका दमात चार स्वर तपासून मोकळे होतात. 'स्लेट'वाले त्यांना हसतात, कारण शब्द अडतो तो व्यंजनांवर. स्वर गोळा करून नुसतं हातात काय राहतं? न्यूयॉर्क टाइम्सच्या वर्डलबॉट या डाव तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं आधी 'क्रेन'ला कौल दिला आणि पुढे 'स्लेट'ला, तेव्हा आमच्या पंचाक्षरीनं दोन दिवस अन्न गोड लागलं नसल्याचं सांगितलं. तो 'क्रेन'वाला. सत्तांतर त्याला आधीच सोसत नाही.

पण अक्कल विचाराल तर आहे, आणि ती दिसते शेवटची चार अक्षरं हिरवी झाल्यावर. समजा मागे आय, जी, एच, टी बसलं. नवखा माणूस हरखतो. पंचाक्षरी मात्र घाम पुसतो, कारण लाइट, नाइट, राइट, साइट, टाइट, फाइट, माइट आणि आठाचा एट, सगळे दारात उभे. एकेकाला आत घ्यायला गेलं तर प्रयत्न संपतील. मग तो उत्तर नसलेलाच शब्द टाकतो: फिल्म्स. एफ, एल, एम, एस ही चार अक्षरं एकाच फेरीत तपासून होतात आणि आठांतले चार उमेदवार तरी नक्की घरी जातात. एक डाव मुद्दाम वाया घालवून पुढचे वाचवायचे, ही युक्ती त्याला कर्जवसुलीच्या टेबलावर सुचली असती तर मॅनेजर म्हणून निवृत्त झाला असता, असं काकू म्हणतात.

शब्दाच्या अर्थाशी त्याला देणंघेणं नाही. नातीनं विचारलं, "आजोबा, म्हणजे काय हो?" तर उत्तर, "म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात!" त्याचं दैवत न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स. या माणसानं 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद मिळवलं आणि फ्रेंच त्यांना बोलता येत नव्हतं. शब्दांची यादी तेवढी पाठ केली होती. हा दाखला दिल्यावर घरात कोणी अर्थाचं नाव काढत नाही.

एकदा मात्र त्याची भक्ती डळमळली. न्यूयॉर्क टाइम्सनं जानेवारी 2022 मध्ये खेळ विकत घेतला आणि पाठोपाठ उत्तर आलं 'ह्यूमर', अमेरिकी पद्धतीनं, यू गाळून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आणि रेन अँड मार्टिनवर पोसलेला हा जीव पेटला. दिवसभर "यू कुठे गेला?" हा एकच प्रश्न. शेवटी काकू म्हणाल्या, "सोफ्याखाली बघा."

मुलगी न्यू जर्सीत. इथे रात्रीचे बारा वाजले की तिथे उन्हाळ्यात दुपारचे अडीच, हिवाळ्यात दीड. शब्द ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे बदलतो, म्हणजे बाबांचं उत्तर तयार असतं तेव्हा मुलीचा शब्द उघडायला अर्धा दिवस असतो. हे भय तिला पुरून उरलेलं आहे. फोनवर बाबा सूचक बोलतात, "आज जरा पाण्याजवळ राहा हं." ती कानावर हात ठेवते आणि फोन आईला द्यायला सांगते.

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याचे रंगीत चौकोन रोज सव्वाबाराला पडतात. वर कोणाच्या तरी सासऱ्यांच्या निधनाची बातमी असली तरी पडतात. खाली लोक हात जोडतात. ते नेमके कशाला जोडले, हे सुतकाचं घर आणि पंचाक्षरी आपापल्या सोयीनं ठरवतात.

या खेळाची जन्मकथा त्याला तोंडपाठ आहे. जॉश वॉर्डल यांनी तो केला आपल्या जोडीदारासाठी, पलक शाह यांच्यासाठी. पाच अक्षरी सुमारे बारा हजार शब्द पलकबाईंनी चाळले आणि लोकांच्या ओळखीचे अडीच हजारांच्या आसपास ठेवले. "शाह, म्हणजे आपल्याकडचीच!" असं तो दर वेळी अभिमानानं सांगतो. काकूंनी ही गोष्ट बहुधा शंभराव्यांदा ऐकली असेल. परवा त्या म्हणाल्या, "त्यानं तिच्यासाठी अख्खा खेळ केला. तुम्ही माझ्यासाठी एक कप चहा करा."

केला. टी तीन अक्षरी असल्यामुळे मन लागलं नाही म्हणे, साखर विसरला.

तुमच्या गटावरही असा कोणी असणारच. त्याच्या हिरव्या चौकोनांना रोज एक अंगठा द्या. तेवढ्यावर तो दिवसभर आनंदात असतो आणि घरच्यांना त्रास कमी देतो. फक्त "कसं काय जमलं?" असं चुकूनही विचारू नका. तो सांगतो.