वाघाला ओटीपी लागत नाही

मध्य प्रदेशातल्या कान्हा व्याघ्र प्रकल्पात, मुक्की गेटाकडचे वाघ सरकार पट्ट्यांवरून ओळखतं. झाडाला कॅमेरा बांधलेला असतो, वाघ आपल्या वाटेने जातो, फोटो निघतो आणि संगणक पट्टे जुळवून सांगतो, हा तोच. 2018च्या देशभरच्या गणनेत असे सुमारे 3 कोटी 48 लाख फोटो निघाले. त्यातले 76,651 वाघांचे आणि त्यांतून 2,461 वेगवेगळे वाघ ओळखले गेले. यात वाघाला काय त्रास? ना आधार दाखवावं लागलं, ना पापणी मिटावी लागली. आणि ओळख पटली नाही म्हणून कुणी त्याच्या पुढ्यातलं चितळ उचलून नेलं नाही.

आता मुक्की ज्यात येतं त्याच बालाघाट जिल्ह्यातली, बैहरकडची एखादी लेकुरवाळी घ्या. 1 जुलै 2025 पासून केंद्राचा नियम असा की, पोषण ट्रॅकर ॲपमध्ये चेहरा जुळल्याशिवाय अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराचं पाकीट मिळायचं नाही. सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या गोंदियात गेलात तरी नियम तोच. आधी आधार क्रमांक, मग ओटीपी. ओटीपी येतो फोनवर, फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा नागपूरला बांधकामावर. तो तिकडून आकडे ओरडणार, नेमकी तेव्हाच इकडची रेंज जाणार. त्यातून निभावलं की फोटो. ‘डोळे मिचकाव गं.’ ऊन डोळ्यांवर, पदर कपाळावर, पोराचा हात नाकावर. जुळत नाही. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. मधे दोन बाळंतपणं झालेली, गाल बसलेले. म्हणजे पोषण कमी पडलं म्हणून चेहरा बदलला आणि चेहरा बदलला म्हणून पोषण अडलं!

समोर बसलेल्या सेविकेला ही बाई कोण ते ठाऊक नाही असं थोडंच आहे? हिच्या पोराचं वजन तिनेच केलेलं, हिचं सासर-माहेर तिला पाठ. पण तिच्या ओळखीला किंमत नाही. ती बिचारी एवढंच म्हणू शकते, ‘तू तूच आहेस गं, पण मोबाइल नाही म्हणतो.’ तोंड बघून वाटप होतं, अशी पूर्वी तक्रार असायची. आता तोंड न बघता वाटलं तर तक्रार होईल.

साहेब म्हणतील, चोऱ्या थांबवायच्यात. थांबवाच. खोटी नावं घालून पाकिटं लाटणारे आहेतच. पण मनरेगाचं काय झालं ते आठवा. 1 जानेवारी 2023 पासून कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो घेणं सक्तीचं झालं. जुलै 2025 मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहावं लागलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जाताहेत, कुठे फोटोचाच फोटो काढला जातोय. चोराने पळवाट काढली. अडकली ती उन्हात मोबाइलसमोर तोंड वर करून उभी राहिलेली बाई.

आणि आता चेहरा ओळखणारे चष्मे येताहेत. समोरच्या माणसाकडे बघा, त्याची माहिती डोळ्यांपुढे तरंगेल! 2024 मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी बाजारातल्या कॅमेऱ्याच्या चष्म्याला चेहरा शोधणारी सेवा जोडली आणि अनोळखी माणसांची नावं-पत्ते काढून दाखवले. धोका कळावा म्हणून केलं आणि कोड बाहेर दिला नाही. पुढचे सगळेच इतके सज्जन निघतील याची हमी कोण देणार? गावातही सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं, पण तिथे निदान फिट्टंफाट असते: तू माझी कुंडली मांडलीस तर मीही तुझी मांडते. चष्मेवाल्याला आपलं सगळं दिसणार. आपल्याला दिसणार त्याच्या काचेत आपलंच तोंड. बैहरच्या बाईचीही हीच गत. तिने चेहरा दाखवायचा, पण तो का जुळला नाही हे तिला कुणी सांगायचं नाही.

यंत्र मोडून टाका, असं कुणी म्हणत नाही. नियमात फक्त एक ओळ घाला: मोबाइल नाही म्हणाला आणि सेविका हो म्हणाली, तर पाकीट आधी द्यायचं, चौकशी मागाहून. चोर पुढच्या महिन्यातही पकडता येईल. सहा महिन्यांच्या पोराला पुढच्या महिन्यापर्यंत थांबता येत नाही.