फिनी, मी आणि पंखा

विटालिक बुटेरिनच्या कानावर बिटकॉइन घातलं त्याच्या वडिलांनी, 2011 मध्ये. पोरानं आधी नाक मुरडलं, मग एका लेखाला पाच बिटकॉइन मिळतात म्हणून त्यावर लिहायला लागला आणि पुढे इथेरियम नावाची ब्लॉकचेन उभी केली. माझ्या वडिलांनी माझ्या कानावर घातली ती पोस्टाची आरडी. तेव्हा दोष घराण्याचा, हे आधीच सांगून ठेवतो.

तरी पोट कोडिंगवरच, त्यामुळे आपणही ब्लॉकचेनवाले व्हावं, अशी हुक्की आली. ही मंडळी यात शिरली कशी, ते बघू लागलो तर एकेक वल्ली! गॅविन अँड्रेसननं 2010 मध्ये पन्नास डॉलरला दहा हजार बिटकॉइन घेतले आणि दिसेल त्याला पाच-पाच फुकट वाटत सुटला. लाझ्लो हान्येझनं ग्राफिक्स कार्डावर माइनिंग, म्हणजे नवे बिटकॉइन खणायचा प्रोग्राम लिहिला आणि दहा हजार बिटकॉइन दोन पिझ्झ्यांवर उडवले. व्यवहारज्ञानाच्या नावानं आनंदीआनंद. इथवर माझी पात्रता पुरेपूर होती.

म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर नोड बसवला. म्हणजे बिटकॉइनचे 2009 पासूनचे झाडून सगळे व्यवहार उतरवून घ्यायचे आणि तपासायचे. पाचशे जीबीहून मोठं बाड! बघता बघता ब्रॉडबँडचा कोटा संपला आणि ऐन महासंगमात मालिकेतल्या नायिकेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मिळतं काय याचं?" आईनं विचारलं.

"काही नाही. व्यवहार तपासायचे नुसते."

"कुणाचे?"

"जगाचे."

"आणि सोसायटीचा जमाखर्च तपासायला सांगितला की तुझी पाठ दुखते!"

रात्री पंखा घोंघावायला लागला. त्यातच मला हॅल फिनी सापडला. 12 जानेवारी 2009 ला खुद्द बिटकॉइनच्या जन्मदात्या सातोशीनं पहिले दहा बिटकॉइन पाठवले ते यालाच. पुढे एएलएसनं शरीर लुळं पडलं, तरी डोळ्यांच्या हालचालींवर हा पठ्ठ्या कोड लिहीत राहिला. (मी वायफाय गेलं तरी सुट्टी टाकतो.) तर या फिनीनं सुरुवातीचं माइनिंग थांबवलं का? कॉम्प्युटर तापायचा आणि पंख्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा!

थोरामोठ्यांशी एवढं साम्य निघालं म्हटल्यावर राहवेना. बायकोला उठवून सांगितलं.

"मग पुढचंही त्याच्यासारखंच कर," म्हणत तिनं भिंतीवरचं बटणच बंद केलं.

सकाळी नोडनं कळवलं, डेटाबेस बिघडलाय. सगळं पहिल्यापासून तपासावं लागेल.