क्लास सापडला नाही? पाडा कोणता?

पीएचपीच्या प्रकल्पात दुसऱ्याची लायब्ररी आणून बसवली आणि पडद्यावर 'क्लास नॉट फाउंड' झळकलं, की आपला पहिला संशय लायब्ररी लिहिणाऱ्यावर, दुसरा होस्टिंगवाल्यावर आणि तिसरा कंपोजरवर. पत्ता लिहिणाऱ्यावर, म्हणजे स्वतःवर, संशय घेण्याची आपल्याकडे रीत नाही. माझं म्हणणं एवढंच, की या भांडणात लायब्ररी बहुधा निर्दोष असते आणि चूक पत्त्यात निघते. पटत नसेल त्याने जव्हार-मोखाड्याकडे पाहावं. इथे नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही. एकेका गावाचे अनेक पाडे, आणि पाटीलपाडा तर पालघर जिल्ह्यात ठिकठिकाणी. म्हणून जिल्हा, तालुका, गाव, पाडा असा पत्ता खाली उतरत जातो. २००९ साली ५.३ आवृत्तीत पीएचपीने नेमस्पेस आणली ती याच गरजेपोटी. जगात 'लॉगर' नावाचे क्लास पाटीलपाड्यांपेक्षा नक्कीच जास्त असतील.

ऑटोलोडर हा या मुलखातला पोस्टमन. पीएसआर-४ च्या नियमाप्रमाणे तो क्लासचं पूर्ण नाव वाचतो, सुरुवातीचा भाग कोणत्या फोल्डरशी बांधलाय ते पाहतो, उरलेलं नाव फोल्डरांची वाट समजून चालत जातो आणि शेवटी डॉट पीएचपी लावून दार ठोठावतो. आपण काय करतो? झिप उघडून लायब्ररी फोल्डरात टाकतो आणि पोस्टमनला कळवतच नाही. किंवा एफपीडीएफसारखी बिननेमस्पेसची जुनी लायब्ररी घेतो, आपल्या फाइलच्या डोक्यावर 'अ‍ॅप\दाखले' अशी नेमस्पेस लिहितो आणि खाली नुसतं 'न्यू एफपीडीएफ' म्हणतो. मोखाड्याकडच्या खोडाळ्यात उभं राहून 'पाटीलपाडा कुठे?' विचारलं तर ऐकणारा खोडाळ्याजवळचाच धरणार. पीएचपीही तेच करतं आणि 'अ‍ॅप\दाखले\एफपीडीएफ' सापडत नाही म्हणून सांगतं. फंक्शन असतं तर ते जागतिक पातळीवर एकदा शोधून पाहिलं असतं. क्लासला ती सवलत नाही. नावाआधी एक उलटी तिरकी रेघ दिली की काम होतं. चूक नेमकी कुठे आहे ते त्या संदेशातच लिहिलेलं असतं, पण लाल अक्षरं दिसली की आपण वाचणं सोडून गूगल उघडतो.

पत्ते बदलतातही. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार आणि मोखाडा जागचे हलले नाहीत, वरचा जिल्हा तेवढा बदलला. लायब्रऱ्यांचंही तसंच: २०१७ मध्ये चाचण्यांसाठीच्या पीएचपीयुनिटच्या सहाव्या आवृत्तीने अंडरस्कोरने जोडलेली जुनी नावं सोडून नेमस्पेस घेतली, तेव्हा जुना पत्ता लिहिणारे सगळे असेच लटकले.

यावर कोणी म्हणेल, पोस्टमन हवाच कशाला, प्रत्येक फाइल 'रिक्वायर वन्स' करू. पाच फाइली असतील तर खुशाल करा. पण लायब्ररी आपल्याबरोबर आणखी चार लायब्रऱ्यांचं बिऱ्हाड आणते, तेव्हा घरोघरी पत्र पोचवत तुम्हीच फिराल. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: पीएचपी स्वतः क्लासच्या नावात लहान-मोठं अक्षर मानत नाही, मग विंडोजवर चालणारं लिनक्सच्या सर्व्हरवर का अडतं? कारण फाइल शोधणं लिनक्सच्या हाती आहे आणि तिथे लहान 'पी' व मोठा 'पी' शेजारी नांदू शकतात. अंदाज बांधणारा पोस्टमन एक दिवस तुमची मनीऑर्डर भलत्याच पाड्यावर देऊन येईल. त्यापेक्षा हा हट्टी बरा.

तेव्हा लायब्ररीवाल्याला शिव्या घालण्याआधी संदेशातलं पूर्ण नाव मोठ्याने वाचा, फोल्डरातल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि कंपोजरच्या जेसन फाइलमध्ये ऑटोलोडचा मजकूर बदलला असेल तर 'कंपोजर डम्प-ऑटोलोड' चालवा. एवढं करूनही क्लास नाहीच सापडला, तर मग लायब्ररीवाल्याला जरूर पत्र लिहा. पत्ता पूर्ण लिहा म्हणजे झालं.