गोधडीतलं खोबरेल

पुण्यात थंडी पडल्याची वर्दी आमच्याकडे न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली देते. हवा २४ अंशांच्या खाली उतरली की तेल पांढरंफेक थिजतं, मग बाटली उलटी धरून कितीही थोपटा, टिपूस गळत नाही. एरवी मी ती गरम पाण्याच्या बादलीत सोडून मोकळा होतो. यंदा शेजारी साडेचार वर्षांची नात उभी होती.

"आबा, तेल झोपलंय?"

झोपलंय म्हटल्यावर उठवणं आलं. चार वाट्यांत चमचा चमचा तेल खरवडून काढलं. एक वाटी गच्चीतल्या उन्हात, एक शेगडीच्या कडेला, एक देव्हाऱ्यात समईला खेटून (हा नातीचा हट्ट, प्रयोगाला देवाचं पाठबळ असलेलं बरं) आणि चौथी आजीच्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीखाली. आधी कोण उठणार? नात म्हणाली, गोधडीतली. पहाटे त्याच गोधडीतून माझा पाय निघत नाही, त्यामुळे मीही मनातून तिच्याच बाजूला.

शेगडीजवळची वाटी पहिली वितळली, मग उन्हातली. समईनेही कडेकडेने लाज राखली. गोधडीखालचं तेल मात्र ढिम्म! मी घसा खाकरून सांगितलं, गोधडी स्वतः गरम नसते गं. आतली ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरचीही आत येऊ देत नाही.

"म्हणजे तिच्यात कुणीतरी झोपायला पाहिजे," असं म्हणून नात वाटीसकट आत शिरली. ३७ अंशांच्या त्या एवढ्याशा शेगडीपुढे तेलाचा काय पाड! थोड्या वेळाने तेल वितळलं. निम्मं वाटीत, निम्मं लुगड्याच्या काठावर.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" आजीने विचारलं. वैज्ञानिकाने सहकाऱ्याकडे बोट दाखवलं.

विषय बदलावा म्हणून मी बोलून गेलो, की गोधडीत गुंडाळलेला बर्फही उशिरा वितळतो, म्हणून तर बर्फवाले लादी गोणपाटात ठेवतात. नातीचा विश्वास बसेना. "बर्फाला आत उकडेल ना!"

गोधडी सध्या शिकेकाईच्या पाण्यातून निघून दोरीवर वाळते आहे. नात फ्रिजपाशी उभी राहून हळूच विचारते, "आबा, आजीची शाल चालेल?"